तार तुटली तर?

आमच्या केडगावात ‘मोटर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मोठ्यांची मोटर विहिरीवर नाहीतर बोअरवर असते. लाइट आली की ती चालते, आणि पाणी आटल्यावरही चालत राहिली तर जळते. पोरांची मोटर मुठीत मावते. पिवळा प्लॅस्टिकचा गिअरबॉक्स, एक चाक, दोन वायरी.

रविवारी मी काही शाळकरी मुलांना या छोट्या मोटरी चालवायला शिकवतो. आर्डुइनोचा बोर्ड, मोटर ड्रायव्हर, बॅटरी आणि लॅपटॉप. लॅपटॉपवर ‘एफ’ टाइप करून पाठवलं की गाडी पुढे जाते, ‘बी’ने मागे, ‘एस’ने थांबते. एकदा गाडी पळत असताना एका मुलीने केबल काढून घेतली. गाडी थेट भिंतीवर.

“सर, केबल काढली तरी ही थांबत का नाही?”

कारण बोर्डाला मिळालेला शेवटचा हुकूम ‘पुढे जा’ असा होता. पलीकडे आता कुणी नाही, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. उत्तर सोपं आहे, पण हा प्रश्न त्या मुलीच्या पणजोबांपेक्षाही जुना आहे.

लॅपटॉपमधून बोर्डाकडे अक्षर जातं ते एका तारेवरून, एकामागून एक बिट असं. म्हणून त्याला सिरीयल म्हणायचं. वेग ठरवताना आपण ‘९६०० बॉड’ लिहितो. हा ‘बॉड’ म्हणजे एमिल बोदो हा फ्रेंच तारतज्ज्ञ. १८७४ साली त्याने आपल्या तारयंत्राचं पेटंट घेतलं. त्यात प्रत्येक अक्षराला सारख्याच लांबीचे पाच संकेत होते. आज आपण आठ बिट पाठवतो. पुढे एक ‘सुरू’चा बिट, मागे एक ‘संपलं’चा, असे दहा. म्हणजे ९६०० च्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरं. हे सुरू-संपलंचे बिटही टेलिप्रिंटरच्या काळातले. तिथे दोन टोकांची दोन यंत्रं स्वतंत्रपणे फिरायची, त्यामुळे प्रत्येक अक्षराला नव्याने ताल जुळवून घ्यावा लागे.

आर्डुइनोच्या सिरीयल मॉनिटरमध्ये खाली ‘न्यूलाइन’ आणि ‘कॅरेज रिटर्न’ असे पर्याय दिसतात. कॅरेज म्हणजे टेलिप्रिंटरचा सरकता गाडा. तो डावीकडे परत आणायचा एक हुकूम आणि कागद एक ओळ वर सरकवायचा दुसरा. गाडे भंगारात गेले, हुकूम राहिले.

मला सगळ्यात जास्त आवडते ती तिसरी खूण. काहीच पाठवत नसताना सिरीयलची तार शून्यावर नसते, ‘हाय’ असते. आर्डुइनो उनोवर पाच व्होल्टला. असं का? अमेरिकी तारयंत्रांत आणि पुढे टेलिप्रिंटरच्या लाइनमध्ये निवांत वेळीही करंट वाहता ठेवत. करंट आहे म्हणजे तार शाबूत आहे. गेला, की कुठेतरी तुटली. गप्प बसणं आणि मरून पडणं यांतला फरक कळावा म्हणून केलेली ही सोय होती.

आपल्याकडे तार तुटणं ही नुसती कल्पना नव्हती. १८५० साली विल्यम ओशॉनेसीने कोलकाता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक तार टाकायला घेतली. सात वर्षांनी उठाव झाला तेव्हा बंडवाल्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये पुन्हा तेच झालं. काँग्रेस कार्यकारिणीतले नेते पकडून आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले होते, नेहरू त्यांतलेच. बाहेर महाराष्ट्रभर पोरं टेलिफोनच्या आणि तारायंत्राच्या तारा कापत होती. हुकूम तारेवरून येतो, मग तारच कापा. सत्तेचा कच्चा दुवा कुठे आहे हे त्यांना नेमकं समजलं होतं.

रेल्वेवाल्यांना मात्र तार तुटून चालणार नव्हतं. दौंड-मनमाड लाइन १८७८ साली सुरू झाली आणि नगर रेल्वेच्या नकाशावर आलं. त्या काळातला हाताचा सिग्नल आठवून बघा. केबिनमधला माणूस खटका ओढतो, लांबलचक तार ताणली जाते आणि खांबावरचा हात खाली झुकतो: गाडी येऊ द्या. पण त्या हाताला उलट बाजूने वजन लावलेलं असे. तार तुटली की वजनाने हात आपोआप आडवा, म्हणजे ‘थांबा’. ‘थांबा’ सांगायला तार लागतच नाही, ‘चला’ सांगायलाच लागते. आमच्या गाडीत नेमकं याच्या उलट होतं.

आता विहिरीवरच्या मोटरकडे येऊ. शेतीची थ्री-फेज लाइट ठरावीक तास असते आणि पुष्कळदा रात्री. अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने स्टार्टरपर्यंत जायचं, आणि गेल्यावर कळायचं की लाइटच नाही. म्हणून लोक मोटर ‘ऑटो’वर टाकतात. लाइट आली की ती आपली आपण चालू. हाही एक शेवटचा हुकूमच आहे. विहिरीत पाणी आहे का, पाइप फुटलाय का, हे कुणी विचारत नाही.

पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी या दुखण्यावर ‘नॅनो गणेश’ बनवलं. स्टार्टरला जोडलेलं यंत्र, आणि शेतकऱ्याच्या हातातला साधा मोबाइल. ठरलेला कोड दाबला की मोटर चालू, दुसऱ्या कोडने बंद. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. मुलांच्या ‘एफ’ आणि ‘एस’चीच ही मोठी भावंडं म्हणायची. पण मला महत्त्वाची वाटते ती उलट्या दिशेने येणारी खबर: तिथे लाइट आहे का, मोटर खरंच सुरू झाली का. सिरीयलच्या दुनियेत याचीही जागा जुनीच आहे. अॅस्कीच्या तक्त्यात ६ व्या क्रमांकावर ‘पोचलं’ आहे आणि २१ व्या क्रमांकावर ‘नाही पोचलं’. दोन्ही अक्षरं छापता येत नाहीत, म्हणून आपल्या डोळ्यांना ती कधी दिसत नाहीत.

आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्ह्रेया गावात जन्मला, यंत्राशी ओळख नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. तिथून तो केडगावच्या पोरांपर्यंत आला, ही मोठीच गोष्ट आहे. पूर्वी तारेच्या एका टोकाला तारबाबू किंवा साहेब बसायचा. आता तिथे बारा वर्षांची मुलगी बसते आणि हुकूमही तीच ठरवते. मग तुटलेल्या तारेचा विचारही तिनेच करायला हवा, आणि तो अवघड नाही. लॅपटॉपने दर पावसेकंदाला हुकूम पुन्हा पाठवायचा. बोर्डाने प्रत्येक हुकमाची वेळ लक्षात ठेवायची आणि अर्ध्या सेकंदात नवा आला नाही तर मोटर बंद करायची. तीन-चार ओळींचा कोड, आणि सिग्नलच्या खांबावरचं वजन बोर्डात आलं.

तुम्हीही हा बोर्ड मागवणार असाल, आणि केबलऐवजी ब्लूटूथ लावून फोनवरून गाडी पळवणार असाल, तर या ओळी आधी लिहा. ब्लूटूथची तार दिसत नाही, पण तुटते ती रोजच. नुसतं शेजारच्या खोलीत गेलं तरी पुरतं.