खेळाडूचं घड्याळ

माझा आणि खेळाचा संबंध टिटवाळा स्टेशनच्या पुलापुरता मर्यादित आहे. सकाळची लोकल सुटण्याच्या बेतात असताना मी तो पूल ज्या वेगानं उतरतो, त्याची दखल एखाद्या क्रीडा संघटनेनं घेतली असती तर आज मी बँकेत क्लार्क नसतो. फार तर त्याच बँकेत क्रीडा कोट्यातला क्लार्क असतो. त्यामुळे "मी स्पोर्ट्स वॉच घेणार आहे" असं मी घरात जाहीर केलं तेव्हा हिनं गॅस बारीक करून विचारलं, "कोणत्या स्पोर्टसाठी?"

हिनं गॅस बारीक केला की प्रश्न गंभीर आहे असं समजावं.

"खेळाचा प्रश्न नाही. मजबुती असते. पाणी जात नाही. शिवाय ऑटोमॅटिक आहे. सेल लागत नाही, किल्ली द्यावी लागत नाही. हात हलवला की चालतं."

"मग तुमच्या हातात कसं चालेल?" हिनं विचारलं आणि गॅस पुन्हा मोठा केला.

गेली वीस वर्षं माझं मनगट मोकळं आहे. वेळ मोबाइलात दिसते, बँकेत भिंतीवर दिसते आणि साहेबांच्या चेहऱ्यावर तर फारच स्पष्ट दिसते. अशा माणसाला पंचेचाळिसाव्या वर्षी घड्याळाची तहान का लागावी, याचं खरं कारण मी त्या दिवशी सांगितलं नाही. ते पुढे येईलच. पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आम्हाला ओपनिंग बॅलन्सशिवाय खातं लिहिता येत नाही. म्हणून घड्याळ घेण्याआधी मी घड्याळाचा इतिहास वाचायला घेतला. बी. कॉम.ला इतिहास नव्हता, त्याचा अनुशेष पंचविसाव्या वर्षी भरून निघाला.

सुरुवात आपल्या घटिकापात्रापासून करायला हवी. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. अशा साठ घटकांचा एक दिवस. लग्नात गुरुजी "घटिका भरली" म्हणतात ते या वाटीच्या हिशेबानं. म्हणजे बघा, घड्याळ पाण्यात बुडालं की ते बिघडलं, अशी आपली परंपराच नाही. घड्याळ बुडालं म्हणजे वेळ झाली! हा मुद्दा मला फार आवडला. त्याला एक खाजगी कारण आहे, तेही पुढेच.

मग आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती दुपारी तीन पस्तीसला सुटली अशी नोंद आहे. तीन पस्तीसच! त्याआधी आपल्याकडे माणसं "दुपारी", "उन्हं कलल्यावर", "दिवेलागणीला" अशी निघत. पाच मिनिटांचा हिशेब ठेवायची वेळ आपल्यावर त्या गाडीनं आणली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला आली, मग कसाऱ्याकडे वळली, आणि काळू नदीकाठचं आमचं गणपतीचं गाव वेळापत्रकात शिरलं. हा गणपती विवाहविनायक. लग्नं जमवून देतो अशी ख्याती असल्यामुळे मुंबईहून मुहूर्ताच्या चिंतेत आलेली माणसं आमच्याकडे शतकभर उतरताहेत आणि परतीच्या गाडीच्या चिंतेत पळताहेत.

पण गाडी आली तरी वेळ कोणाची? इथे इतिहास खरा रंगतो. १८८४ पासून मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं होती. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चाले, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे स्टेशनाबाहेर बारा आणि आत साडेबारा. "गाडी चुकली" या वाक्याला त्या काळी किती भरभक्कम सबब होती! पुढे १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली, साडेपाच तासांची. मुंबईकरांनी ती साफ नाकारली. आमच्या सूर्याची ३९ मिनिटं सरकार घेतं म्हणजे काय? गिरणी कामगार चिडले, सभा झाल्या, आणि महापालिकेनं आपली मुंबई वेळ धरून ठेवली. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षं ती शहरात रेंगाळत होती. म्हणजे इंग्रज गेले, पण त्यांच्याविरुद्ध लावलेलं घड्याळ चालूच राहिलं. आमच्या शाखेत जेवणाची सुट्टी अजूनही मुंबई वेळेनुसार संपते असं माझं मत आहे. एकोणचाळीस मिनिटांचा फरक बरोबर जमतो.

मी टिटवाळ्याचाही हिशेब करून पाहिला. प्रमाणवेळेची रेषा साडेब्याऐंशी रेखांशावर, मिर्झापूरजवळ. आम्ही सव्वात्र्याहत्तरच्या किंचित अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा टिटवाळ्याच्या सूर्याचे सरासरीनं अकरा तेवीस झालेले असतात. मी रोज सदतीस मिनिटं आधी उठवला जातो, आणि हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मस्टर पुढे सरकवलं.

मुंबईच्या वेळेबद्दल बोलताना राजाबाई टॉवरला वगळून चालत नाही. १८७८ मध्ये तो पुरा झाला. शेअरबाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, ते आईचं नाव द्यायच्या अटीवर. आई जैन. सूर्यास्ताआधी जेवायचं आणि दृष्टी अधू, म्हणून टोल्यांवरून तिला वेळ कळावी, अशी गोष्ट सांगतात. १८६५ च्या सट्ट्याच्या कोसळीत हेच प्रेमचंद धुऊन निघाले आणि बँक ऑफ बॉम्बेलाही बुडवणारी कर्जं त्यातलीच. त्यामुळे बँकेतल्या माणसानं त्यांच्याविषयी जरा जपूनच बोलावं. पण म्हाताऱ्या माणसाला वेळ कळावी म्हणून मुलानं केलेली ती खटपट मात्र माझ्या डोक्यात राहिली. टॉवरची उंची २८० फूट. माझं बजेट तितकं नव्हतं.

आता मनगटावर येतो. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाची आयात आवळली गेली आणि घड्याळ हा चोरट्या मार्गानं, लाँचमधून येणारा दागिना झाला. ज्याच्या हातात 'फॉरेनचं' घड्याळ तो माणूस वेळ विचारल्यावर आधी बाही वर सरकवायचा, मग आपल्याकडे बघायचा, आणि सगळ्यात शेवटी घड्याळाकडे. ही मिजास मोडली ती एचएमटीनं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरला कारखाना निघाला आणि सामान्य माणसाच्या हातावर देशी घड्याळ आलं. त्यातलं एक होतं 'जनता'. नावातच सगळं आलं. पांढरी तबकडी, साधे काटे. काही तर देवनागरी आकड्यांचीही निघाली. दुसरं होतं 'कांचन'. ते ऑटोमॅटिक, वार-तारीखवालं. कांचनला एवढी मागणी की ते चढ्या दरानं विकलं जाई, आणि जावयाचं तोंड गोड करायला तेच लागे.

माझे वडील, म्हणजे अण्णा, १९७८ साली बोहल्यावर चढले. आजोबांनी मागितलं कांचन, आली जनता. आजोबा म्हणे पंगतीत दोन दिवस गप्प होते. अण्णा मात्र खूश. रोज सकाळी सातच्या बातम्यांना किल्ली द्यायची, बरोबर बावीस फेरे. तीस वर्षं फोर्टमधल्या सरकारी कचेरीत त्यांनी लेटमार्क लावून घेतला नाही. निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता वेळेची गरज उरलेली नाही त्यालाच घड्याळ देण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

२००३ मध्ये मी बँकेत लागलो तेव्हा त्यांनी जनता स्वतःच्या हातातून काढून माझ्या हातात बांधली. काही बोलले नाहीत. फक्त पट्ट्याचं एक भोक आत घेतलं.

आणि मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी रात्र डोंबिवलीच्या शाखेत काढली आणि दुसऱ्या दिवशी घराकडे निघालो. काही रुळांवरून, काही छातीभर पाण्यातून. डबा डोक्यावर धरला होता. डब्यात आदल्या दिवशीची भेंडीची भाजी होती. भेंडी कोरडी घरी पोचली. घड्याळ हातातच राहिलं आणि बुडालं. मगाशी घटिकापात्राचा मुद्दा आवडला म्हणालो तो यासाठी. हा युक्तिवाद तेव्हा सुचला असता तर अण्णांना ऐकवला असता.

अण्णांनी ते आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवलं. मग कल्याणच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे दोन महिने फेऱ्या मारल्या. घड्याळ चालू झालं. मी हात पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "राहू दे माझ्याकडेच." रागानं नाही. आपण एखादं फिक्स डिपॉझिट मुदतीआधी मोडतो ना, तशा आवाजात. त्यानंतर मी हातात घड्याळ बांधलं नाही. 'मोबाइल असताना घड्याळ कशाला' हे मी लोकांना सांगायचं कारण आहे.

गेल्या दिवाळीपासून अण्णांच्या बोटांना कंप सुटू लागला. पंचाहत्तरी झाली. चहाची बशी वाजते, सही बँकेला पटत नाही (आमच्याच बँकेला, आणि परत पाठवायचं काम माझ्याकडेच), आणि जनताची ती एवढीशी किल्ली चिमटीत येत नाही. मग एकदा सकाळी मी मोजे घालत असताना ते शेजारी येऊन उभे राहिले. "जरा किल्ली दे रे." तेव्हापासून रोज मी देऊ लागलो. कधी लोकलच्या घाईत राहून जायचं. संध्याकाळी येऊन बघावं तर घड्याळ बंद आणि अण्णा गप्प. सरळ दुसरं घड्याळ आणून दिलं असतं तर "मला कशाला? कुठं जायचंय मला?" हे उत्तर ठरलेलं. म्हणून स्पोर्ट्स वॉच, आणि म्हणून ते 'माझ्यासाठी'.

ऑटोमॅटिकची कुळकथा थोडक्यात अशी. आत एक अर्धचंद्राकृती वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळतं. पेरेले नावाच्या स्विस कारागिरानं १७७० च्या दशकात खिशातल्या घड्याळात ही युक्ती साधली. पण खिशात माणूस काय हलणार! ती मनगटावर आणली हारवूड या इंग्रजानं, १९२० च्या दशकात. १९६३ मध्ये जपानच्या सेइको कंपनीनं 'फाइव्ह' काढून ती मध्यमवर्गात आणली. पाच गुण: स्वयंचलित, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्याला दाद न देणारं, किल्ली चारच्या बाजूला दडवलेली, आणि टिकाऊ. असे पाच गुण पत्रिकेत जुळले तर टिटवाळ्याचा गणपतीसुद्धा हसेल.

नवं सेइको पंचवीस-तीस हजारांच्या घरात. हेडकॅशियर म्हणाले, "जुनं घ्या." म्हणून मी फोर्टच्या फुटपाथवर गेलो आणि तिथे मला आपल्या शहराची जगप्रसिद्ध कलाकृती भेटली. परदेशातले शौकीन तिला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि कौतुकानं नव्हे. जुन्या सेइकोची तबकडी नव्यानं रंगवायची. नारिंगी, पोपटी, मोरपंखी. काटे दुसऱ्याचे, काच तिसऱ्याची, पोट जपानी, आणि चालायला एकदम उत्साही. खरं सांगतो, मला ते आवडलं. गावाकडून आलेला, मिळेल तो शर्ट घालून, मिळेल त्या खोलीत राहून वेळेवर कामाला जाणारा माणूसच तो. पण अण्णा तबकडीला नख लावून बघणार, आणि रंग नखात येणार. सोडून दिलं.

एचएमटीचंच कांचन घ्यावं म्हटलं, तर ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ च्या जानेवारीत घेतला. शेवटी सिटिझनचं एक साधं ऑटोमॅटिक घेतलं. स्टीलचं, निळ्या तबकडीचं, दुकानदाराच्या मते 'स्पोर्टी'. एचएमटीचं शिक्षण ज्या शाळेत झालं त्याच शाळेतलं, म्हणजे सोयरीक तशी घरातलीच. कागदावर लिहिलं होतं: दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे. आमच्या लोकलपेक्षा फारच सभ्य. स्प्रिंग एकदा भरली की सुमारे चाळीस तास.

हे चाळीस तासच माझ्या कामाचे होते. बँकेला २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. शुक्रवारी रात्री दहाला घड्याळ काढलं तर ते रविवारी दुपारी दोनला बंद पडणार. दोन आठवडे मी ते मिरवलं. मग दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "अण्णा, सुट्टीत मी काही हलत नाही. बंद पडेल हो. तुम्ही सकाळी गणपतीपर्यंत चालत जाता, जरा घालून जा. तेवढंच चार्जिंग होईल."

"नाही तरी तुझ्या हातात ते कुठं चालतंय?" अण्णा म्हणाले. हा डायलॉग हिच्याकडून फुटलेला होता.

शनिवारी ते देवळापर्यंत जाऊन आले. रविवारी तळ्याला वळसाही घातला. घड्याळ पळत होतं. "नऊ सेकंद पुढे आहे," रेडिओ बंद करत त्यांनी कळवलं. रविवारी रात्री ते त्यांच्याच हातात होतं. मी मागितलं नाही. त्यांनी काढलं नाही.

सोमवारी सकाळी मोजे चढवत होतो तेव्हा ते येऊन उभे राहिले. हातात जनता. मला वाटलं, किल्लीसाठी. मी बावीस फेरे दिले आणि परत पुढे केली.

"किल्ली तूच देतोस," ते म्हणाले, "तर घालही तूच." पट्ट्याशी बराच वेळ खटपट केली, भोक सापडेना, तसं म्हणाले, "हे तू लाव."

मी लावलं. लोकलला सहा मिनिटं होती. मी चपला सरकवल्या, जिन्याकडे धावलो, तर मागून आवाज आला, "छत्री घेतलीस का?"