तापमापीतला नवसागर

हवेचं तापमान आपण सेल्सिअसमध्ये सांगतो, अंगातला ताप मात्र फॅरनहाइटमध्ये. ‘शंभरावर गेलाय’ म्हटलं की घरात धावपळ सुरू होते. पण हे शंभर मोजायचे कुठून? पाणी तर ३२ अंशांवर गोठतं. मग शून्यावर काय होतं?

त्याचं उत्तर कल्हईवाल्याच्या पिशवीत आहे. तापलेल्या पातेल्यात तो चिमूटभर नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, धातूवरचा मळ सुटतो आणि कथील चकचकीत बसतं. तोच नवसागर बर्फात कालवला की बर्फ भराभर वितळू लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता मिश्रणातूनच ओढतो आणि सगळं गोठणबिंदूच्याही बरंच खाली जातं. डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइटने १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शून्याची खूण दिली ती हीच: बर्फ, पाणी आणि नवसागर, किंवा समुद्री मीठ. बर्फ-पाण्याला त्याने ३२ दिले, निरोगी माणसाच्या तोंडाला वा काखेला ९६.

तरीही दंतकथा थांबत नाहीत. कुणी म्हणतं, त्याच्या जन्मगावच्या, डान्झिगच्या, सर्वांत कडक हिवाळ्याचं हे शून्य. पण निबंधात नाव आहे ते मिश्रणाचं. कुणी ३२चा संबंध फ्रीमेसन या गुप्त संघटनेतल्या पायऱ्यांशी जोडतं; ती ३३ पायऱ्यांची व्यवस्था चार्ल्सटनमध्ये १८०१ साली उभी राहिली, फॅरनहाइट १७३६ सालीच वारला होता.

नवसागराचा खरा प्रतिस्पर्धी आहे डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर. १७०८ साली फॅरनहाइट कोपनहेगनला त्याच्याकडे गेला होता. रोमरच्या पट्टीवर बर्फ साडेसातवर, उकळतं पाणी ६०वर. फॅरनहाइटने अपूर्णांक टाळायला चारने गुणलं, साडेसातचे ३० झाले. पुढे ३२ आणि ९६ घेतले. मधले ६४ अंश, म्हणजे निम्म्याचं निम्मं करत सहा वेळा दुभागलं की एकेका अंशाची रेघ हाती येते. कारागिराचा हिशोब! या मताप्रमाणे शून्य रोमरकडून आयतं आलं आणि नवसागर मागाहून साक्षीला उभा केला.

या मताला बळ देणारी अडचण मोठी आहे. शुद्ध नवसागर आणि बर्फ यांचं मिश्रण सुमारे ४ अंश फॅरनहाइटपर्यंतच उतरतं, मिठाचं थेट उणे ६पर्यंत. नेमक्या शून्यावर दोन्हीही थांबत नाहीत. फॅरनहाइट स्वतःच नोंदवतो की हा प्रयोग उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात चांगला साधतो. पक्क्या खुणेला ऋतू कशाला लागावा?

माझा तर्क असा. त्या काळी युरोपात नवसागर इजिप्तहून येई, शेणाच्या गोवऱ्यांच्या काजळीतून काढलेला. अशा मालात साधं मीठ मिसळलेलं असणारच, आणि ते मिश्रणाला ४च्या खाली खेचणार. रोमरने आकडा दिला असेल, पण तो आकडा भांड्यात उतरवून दाखवला तो या भेसळीच्या नवसागरानेच.

पुढे पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ ठरवून पट्टी नव्याने बांधली गेली, अंगाचे ९६ सरकून ९८.६ झाले. मिश्रणाची गरज संपली, शून्य मात्र पट्टीवर राहिलं. म्हणून फॅरनहाइटचं शून्य निसर्गात शोधू नये. ते बाजारात मिळणाऱ्या पुडीचं शून्य आहे.