लॅमिंग्टन रोडवरून लॅमिंग्टनच्या जंगलात

मुंबईत लॅमिंग्टन रोड म्हटले की कॉम्प्युटरचे सुटे भाग, वायरींची भेंडोळी आणि गर्दी डोळ्यांपुढे येते. कागदोपत्री तो कधीचाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला आहे, पण लोकांच्या तोंडून जुने नाव गेलेले नाही. हा लॅमिंग्टन म्हणजे 1903 ते 1907 या काळातला मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. मुंबईला येण्याआधी, 1896 ते 1901, तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता. तिथेही त्याचे नाव राहून गेले आहे, फक्त रस्त्याला नाही. एका अख्ख्या जंगलाला.

त्याची आणखी एक ओळख सांगायला हवी. 13 मार्च 1940 रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंग यांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या. जालियनवाला बागेच्या वेळी ओडवायर पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. तो जागीच ठार झाला आणि त्या गोळीबारात जे जखमी झाले त्यांत म्हातारा लॉर्ड लॅमिंग्टनही होता. पकडल्यावर उधमसिंग यांनी स्वतःचे नाव राम मोहम्मद सिंग आझाद असे सांगितले. वर्गात हे नाव सांगितले की पोरे एकदम शांत होतात.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही ब्रिस्बेनला नातेवाइकांकडे गेलो होतो. आपल्याकडे अंगाची लाही होत असताना तिथे थंडीची चाहूल लागलेली असते. दक्षिणेकडे गाडीने तासाभरावर गोल्ड कोस्ट: पांढऱ्या वाळूचे लांबच लांब किनारे, मागे उंच इमारतींची रांग. तिथून आत वळले की अर्ध्या-पाऊण तासात चढण सुरू होते आणि ओलसर, दाट, वेलींनी गच्च भरलेले जंगल लागते. समुद्र आणि सदाहरित रान इतके जवळ असल्यामुळेच सुट्टीला लोक इथे लोटतात. डोंगरावरच्या एका मुक्कामाचे नाव आहे बिना बुरा. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हसू येणारच! अर्थ मात्र तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला आहे. बीच नावाची झाडे जिथे वाढतात ती जागा.

हे रहिवासी म्हणजे युगम्बे लोक. लॅमिंग्टनच्या डोंगराला ते वूनूनगूरा म्हणतात.

हे जंगल आज ज्या जागतिक वारशाच्या यादीत आहे तिथे त्याचे नाव ‘गोंडवाना रेनफॉरेस्ट्स’. पाटीवर ते वाचून मी थबकलो. गोंडवाना म्हणजे आपलेच, नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीपासून मध्य प्रदेशात पसरलेले गोंडांचे राज्य. इंग्रज भूशास्त्रज्ञांनी तिथल्या कोळसा असलेल्या खडकांना हे नाव दिले आणि 1885 साली एदुआर्द झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ते उचलून दक्षिणेकडच्या प्राचीन अखंड भूमीला लावले. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते ती ही भूमी. डोंगरावरचे बीच वृक्ष त्याच काळातल्या कुळाचे वारस. चंद्रपूरच्या गोंडांना याची किती कल्पना असेल, देव जाणे. नाव त्यांचे जगभर गेले, ते आहेत तिथेच आहेत.

दुसरे ओळखीचे भेटले ते झाड. रेड सीडर म्हणून ज्याच्यासाठी हे रान तोडले गेले, तो आपल्याकडचा तून. शास्त्रीय नावातला ‘तूना’ शब्दही इथलाच. हलके, तांबूस, रंधा सहज चालेल असे लाकूड. 1840च्या दशकात लाकूडतोडे सीमेपलीकडच्या रिचमंड आणि ट्वीड नद्यांच्या खोऱ्यांत शिरले. ओंडके नदीत सोडायचे, मुखाशी जहाजावर चढवायचे. तून संपला तसे शेतकरी आले. त्यांनी उरलेले रान कापून, जाळून गाईंसाठी कुरणे केली. बिग स्क्रब नावाचे सुमारे 75,000 हेक्टरांचे रान तिथे होते. आज त्यातले एक टक्काही शिल्लक नाही.

लॅमिंग्टनचा माथा वाचला, कारण तो अवघड होता आणि काही माणसे हट्टी होती. त्यांतला रोमिओ लाही हा तर लाकूड गिरणीवाल्याचा मुलगा. गावोगाव फिरून त्याने लोकांच्या सह्या आणि पाठिंबा जमवला, आणि 1915 साली नॅशनल पार्क जाहीर झाले. जवळच दूधधंद्यासाठी जमीन घेतलेल्या ओरायली कुटुंबाच्या चारही बाजूंनी राखीव जंगल झाले. मग 1926 साली त्यांनी पाहुण्यांसाठी घर उघडले. गाईंच्या जागी पर्यटक आले, असे म्हणायला हरकत नाही.

पण पाहुणे कोण? इथे मला मास्तर म्हणून जास्त बोलायचे आहे. लॅमिंग्टन क्वीन्सलँड सोडून गेला त्याच वर्षी, 1901 मध्ये, नव्या ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणारा कायदा केला. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. होती ती श्रुतलेखनाची परीक्षा. उर्दूत आपण ज्याला इमला म्हणतो तीच. अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचणार, उतरलेल्याने तो लिहायचा. भाषा कोणती ते अधिकारी ठरवणार. इंग्रजी येत असेल तर दुसरी युरोपीय भाषा. 1909 नंतर या परीक्षेत कुणीच पास झाले नाही. 1934 साली एगॉन किश हा प्राग शहराचा लेखक आला. हिटलरविरोधी सभेत तो बोलणार होता, सरकारला तो नको होता आणि त्याला तर कितीतरी भाषा येत होत्या. अखेर त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये उतारा घातला! प्रकरण हायकोर्टात गेले आणि सरकार हरले. ज्या इमल्याने आम्ही पोरांचा हात वळवतो, त्याचा असा उपयोग एखाद्या सरकारने करावा, हे पचत नाही.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने टपाल नेणाऱ्या जहाजांवर फक्त गोरे खलाशी हवेत अशी अट घातली. मुंबईहून पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर चढणारे आपले रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी या एका ओळीत नको ठरले.

तरी आधीच पोहोचलेल्यांनी पाय रोवले होते. ब्रिस्बेनच्या हॉलंड पार्कमध्ये 1908 साली हिंदुस्थान-अफगाणिस्तानकडून आलेल्या मुसलमानांनी लाकडी मशीद उभी केली. इमारत बदलली, जागा तीच. मी तिथे जुमा पढलो. माझ्या शेजारी एक सोमाली तरुण होता, पुढच्या सफेत पांढऱ्या दाढीचे फिजीचे बुजुर्ग.

श्रुतलेखनाची परीक्षा 1958 साली रद्द झाली. योगायोग असा की किनाऱ्यावरच्या त्या शहराला गोल्ड कोस्ट हे नाव मिळाले तेही 1958 सालीच. गोऱ्यांचेच ऑस्ट्रेलिया हे धोरण पुरते जायला मात्र 1973 उजाडले.

शेवटच्या दिवशी आम्ही समुद्रावर गेलो. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचे असा नियम आहे. जीवरक्षकांची नजर तेवढ्याच भागावर असते. आमची भाची बुर्किनी घालून लाटांत शिरली. हा पोशाखही ऑस्ट्रेलियातलाच. अहेदा झनेट्टी या लेबनानी वंशाच्या बाईंनी तो 2004 साली तयार केला. पोरगी झेंड्याच्या जरा बाहेर गेली तेव्हा जीवरक्षकाने शिटी वाजवून तिला आत बोलावले, आणि ती हसत परत झेंड्यांच्या मधे आली.