नांवांचा घोळ आणि राखीव प्रत

ठाण्याची खाडी ओलांडली कीं पहिलें स्थानक कळवा. येथून मुंबईकडे जाणारी गाडी ती 'अप' व कल्याणकडे जाणारी ती 'डाऊन'. वाटेंत तसा चढ नाहीं कीं उतार नाहीं; परंतु मुंबईची दिशा ती 'अप', हा एकच संकेत मध्य रेल्वेवर सर्वत्र पाळला जातो, म्हणून कोणी फसत नाहीं. शब्द योग्य असण्यापेक्षां तो सर्वांचा एक असणें अधिक महत्त्वाचें, हें यावरून दिसतें.

संगणकांतील कागदपत्रांची राखीव प्रत, म्हणजे 'बॅकअप', काढणाऱ्या आज्ञावलींचा इतिहास मात्र उलट आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालींत 'टार' ही आज्ञावली 1979 च्या सातव्या आवृत्तीबरोबर आली. जुन्या दप्तरांच्या भाषेंत सांगावयाचें तर, तिच्यांत रुमाल बांधण्यास 'सी' व सोडण्यास 'एक्स' हीं अक्षरें. तिची प्रतिस्पर्धी 'सीपीआयओ'. तिच्यांत बांधण्यास 'ओ', म्हणजे बाहेर, आणि सोडण्यास 'आय', म्हणजे आंत! यंत्राच्या बाजूनें पाहिल्यास हें बरोबर. रुमालाच्या बाजूनें पाहणाऱ्यास नेमकें उलटें.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. आमच्या परिचयाच्या एका कार्यालयांत सोडण्याऐवजीं बांधण्याची आज्ञा दिली गेली, आणि जुन्या रुमालाच्या जागीं त्याच नांवाचा नवा रुमाल बसला. कित्येक वर्षांचे हिशेब एका अक्षरापायीं गेले. राखीव प्रतीची आठवण संकटाच्या वेळींच होते, आणि संकटांत मनुष्य कोश उघडून बसत नाहीं.

दोन्ही पक्षांत समेट व्हावा म्हणून 'पॉसिक्स' या प्रमाणग्रंथानें 1992 मध्यें 'पॅक्स' ही तिसरी आज्ञा पुढें केली. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ शांति. 2001 च्या आवृत्तींत तर जुन्या दोघींस वगळण्यांत आलें. तरीही लोकांच्या हातीं आज 'टार'च आहे.

आपल्याकडे हें पूर्वींच घडून गेलें आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंतांनीं राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. त्याच्या दहा वर्गांत लेखनवर्गही आहे. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, पेशव्याचा पंतप्रधान. परंतु 1713 मध्यें बाळाजी विश्वनाथ त्या पदावर आले, ते इतिहासांत 'पेशवे' म्हणूनच राहिले. शिक्क्यावर 'प्रधान', जनांच्या मुखीं 'पेशवे'!

मग कोशकारांचे श्रम व्यर्थ गेले काय? तसें म्हणवत नाहीं. दिल्लींतील सर्वोच्च मंत्र्यास आज मराठी माणूस 'पंतप्रधान'च म्हणतो. शब्दास राजाज्ञा जन्म देते, परंतु त्यास जगवितो तो नित्याचा व्यवहार. म्हणून ज्याच्याकडे जपण्याजोगे कागद आहेत त्यानें पंडितांच्या समेटाची वाट पाहूं नये. आपल्या घरापुरत्या वा कचेरीपुरत्या आज्ञा ठरवून स्वच्छ लिहून ठेवाव्या, आणि कांहीं बिघडलेलें नसतांनाच एकदां रुमाल सोडून पाहावा.