तळटीप : गोल्फच्या मैदानावर उतरलेले विमान

* ५ मार्च २०१५ची घटना. अभिनेता हॅरिसन फोर्ड सांता मोनिका विमानतळावरून १९४२ साली बांधलेले, लष्करी प्रशिक्षणाचे रायन विमान घेऊन एकटाच उडाला होता. (त्याचा जन्मही १९४२चाच.) उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. परत फिरताना धावपट्टी गाठता येणार नाही हे दिसताच तो जवळच्या पेनमार गोल्फ मैदानाकडे वळला. उतरताना विमान झाडाच्या शेंड्याला घासले. इंधन संपल्याचे लेखक म्हणतात, ते बरोबर नाही. कार्ब्युरेटरमधले इंधनाचे प्रमाण राखणारे जेट आट्यांतून सैल झाल्याचे चौकशीत आढळले. म्हणजे इंजिनाला इंधन उलट जास्तच जात होते. फोर्डची हाडे मोडली. मैदानावर मात्र कुणालाही इजा झाली नाही. – संपा.