वाफसा, भेगा आणि क्षारांची वाट

१/ सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारीच्या काळ्या रानाला वैशाखात खोल भेगा पडतात. मृगाचे पहिले पाणी आधी त्यांतूनच उतरते आणि खतांतले, सांडपाण्यातले विद्राव्य क्षार सोबत नेते. याच शिवारात २००६ साली विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. भूजलाकडे काय उतरते, हे जाणण्यासाठी नमुना घ्यावा तरी कुठे? या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ दख्खनला क्षारांचा प्रवास कालव्यांनी शिकवला. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिसिंचनाने भूजल वर आले की क्षार पृष्ठभागी साचतात.

३/ खाली जाणारी वाट इंग्लंडात दिसली होती. रोदॅमस्टेड येथे १८७० साली २०, ४० आणि ६० इंच खोलीचे मातीचे ठोकळे जागच्या जागी बंदिस्त करून त्यांतून झिरपणारे पाणी मोजू लागले. १८८२ साली लॉज, गिल्बर्ट व वॉरिंग्टन यांनी नोंदवले : पावसाचे काही पाणी मातीतल्या जुन्या पाण्यात न मिसळता मोठ्या छिद्रांतून थेट निसटते.

४/ वाफशावरच्या मातीतले पाणी आपणहून खड्ड्यात येत नाही. ते ओढावे लागते. १९०४ साली ब्रिग्ज व मॅकॉल यांनी त्यासाठी सच्छिद्र नळीचे ‘कृत्रिम मूळ’ योजले. पण अशी नळी सूक्ष्म छिद्रांतले संथ पाणी टिपते. भेगेतून धावणारे तिला सहज चुकते.

५/ १९७६ साली बिगर व नील्सन यांनी कॅलिफोर्नियातील १५० हेक्टर शेतातल्या २० वाफ्यांचे निष्कर्ष मांडले. शेत एकच, तरी क्षारांच्या वेगात प्रचंड तफावत. मोजके वेगवान वाफेच सरासरी वर खेचत होते.

६/ म्हणून मांडणी अशी हवी : जागा शेतभर विखुरलेल्या, काही मुद्दाम जवळजवळ; प्रत्येक ठिकाणी अनेक खोल्या; भेगेत वेगळा नमुना, भेगांमधल्या ढेपेत वेगळा; पहिल्या पावसानंतर लगेच फेरी. सुपीकतेच्या चाचणीसाठी आपण नमुने एकत्र कालवतो. इथे कालवले, तर नेमकी धोक्याची वाटच सरासरीत बुडते.

७/ पेशवे दप्तरातला एकच रुमाल सोडून कोणी साऱ्या राज्याचा इतिहास लिहीत नाही. एका खड्ड्यावरून कुंभारीचे पाणी निर्धोक ठरवणे तितकेच धाडसाचे. फरक इतकाच, की तिथली चूक पिण्याच्या पाण्यात उतरते.