कॅथलिक मत कशावर पडतं? वसईचा हिशोब

अमेरिकेत निवडणूक आली की टीव्हीवर एक प्रश्न ठरलेला असतो: कॅथलिक मतदार गर्भपाताच्या मुद्द्यावर काय करणार? चर्चच्या लेखी गर्भपात म्हणजे जीव घेणं, तिथं तडजोड नाही. मग राजेहो, आपल्या महाराष्ट्रातही मराठी बोलणारे कॅथलिक आहेत, वसईला तर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनी या मुद्द्यावर आमदार निवडला किंवा पाडला, असं कधी ऐकलं का?

थोडं मागं जाऊ. १८६० च्या दंडसंहितेनुसार बाईचा जीव वाचवण्यापुरता सोडला तर गर्भपात गुन्हा होता. त्यामुळं तो चोरून व्हायचा आणि त्यात बाया मरायच्या. १९६४ मध्ये केंद्रानं समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. अहवाल १९६६ ला, कायदा १९७१ ला. अमेरिकेत १९७३ ला कोर्टानं हक्क दिला, पुढं दोन पक्ष दोन बाजूंना गेले, २०२२ ला कोर्टानंच तो काढून घेतला. आपल्याकडं विषय आला तो आरोग्य खात्यातून आणि लोकसंख्येच्या काळजीतून. चर्चचा विरोध होताच, पण तो पेटीत टाकायला निवडणूक चिन्हच नव्हतं.

म्हणून वसईचा माणूस दुसऱ्या गोष्टींवर मत देत आला. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथं 'हरित वसई'चं आंदोलन उभं राहिलं. पुढं कोण, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पुढं २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेच. धर्मगुरू रस्त्यावर उतरला तो बिल्डरविरुद्ध, टँकरनं उपसल्या जाणाऱ्या विहिरींसाठी. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि अनेक गावांनी 'आम्हाला यात नको' म्हटलं. त्याच वर्षी तिथून विवेक पंडित निवडून आले. अपक्ष, पण पाठिंबा शिवसेनेचा. गाव वाचणार असेल तर कॅथलिक वस्तीला शिवसेनेचा पाठिंबाही चालला!

गोव्यातही तेच. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात तिथल्या कॅथलिकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला भरभरून नकार दिला. सोबत बरेच हिंदूही होते. फरक ३४,०२१ मतांचा. प्रश्न होता भाषेचा आणि जमिनीचा.

यावरून त्यांची श्रद्धा पातळ झाली असं कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. ज्या प्रश्नावर उमेदवार वेगवेगळं बोलतात, त्यावरच मतदार त्यांना तोलू शकतो. आपल्याकडं जिल्हा ब्रह्मपुरी की चिमूर, यावर माणसं भांडतात ती त्यामुळंच.

२०२१ ला कायदा बदलला, काही स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवडे झाली. चर्चनं विरोध नोंदवला. २०२४ ला लोकसभा झाली, विधानसभाही झाली. एकाही मोठ्या पक्षानं तो मुद्दा प्रचारात घेतला नाही.